रंगाखालचा सांधा

वडखळच्या आसपासच्या एखाद्या गॅरेजमधून अपघातातली गाडी दुरुस्त होऊन बाहेर आली की मालक सगळ्यात आधी रंग बघतो. नव्या दाराचा पांढरा आणि जुन्या दाराचा पांढरा जुळतो का, हे उन्हात उभं राहून, डोळे बारीक करून, दोन पावलं मागे सरकून तपासतो. मग दार लावून बघतो. आवाज नीट आला की समाधान. बिलावरून थोडी घासाघीस होते आणि गाडी पेणच्या नाहीतर कोलाडच्या दिशेला लागते. त्या दारामागचा खांब, ज्याला गॅरेजात बी-पिलर म्हणतात, खाली कशाने जोडलाय आणि किती टाक्यांवर उभा आहे, हे विचारणारा ग्राहक विरळाच. विचारणार तरी कसा? सांधा रंगाखाली गेलेला असतो.

गणेशमूर्ती घडवणाऱ्या पेणकरांना खरं तर हे सांगायला नको. मोठ्या गणेशमूर्तीचे हात बहुतेकदा वेगळ्या साच्यातून काढून धडाला जोडतात. तो सांधा कच्चा राहिला तर वरची रंगसंगती आणि डोळ्यांची आखणी कितीही देखणी असो, मूर्ती प्रवासात दगा देते. म्हणून कारखान्यातला जाणता माणूस रंगाचा हात फिरण्याआधी सांधा बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र आपण रंग झाल्यावर बघायला जातो.

चाकण, रांजणगाव, पिंपरी इथल्या मोटार कारखान्यांत सांध्याबद्दलचा हा प्रश्न रोज विचारणं हीच नोकरी असलेला एक माणूस असतो. वेल्डिंग क्वालिटीचा इंजिनिअर. गाडीच्या जाहिरातीत तो कधी दिसत नाही. शोरूममधल्या सेल्समनला त्याचं पद माहीत असेलच असंही नाही.

मोटारीचं धड म्हणजे दाबून आकार दिलेल्या तीन-चारशे पत्र्यांची एकमेकांना शिवलेली पेटी. शिवण असते स्पॉट वेल्डिंगची, आणि साधारण मध्यम गाडीत असे चार-पाच हजार ठिपके असतात. तांब्याची दोन टोकं पत्र्यांना दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, आठ-दहा हजार अँपिअरचा प्रवाह जातो आणि सेकंदाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात दोन पत्र्यांच्या मधोमध पोलाद वितळून अख्ख्या मसुराच्या दाण्याएवढी गाठ जमते. तिला नगेट म्हणतात. बाहेरून दिसतो तो फक्त गोल चट्टा.

गोची नेमकी इथे आहे. आत गाठ जमली असो वा नुसते पत्रे एकमेकांना चिकटलेले असोत, चट्टा सारखाच दिसतो. हजारात एकच ठिपका कच्चा राहिला असं धरलं तरी पाच हजार ठिपक्यांच्या गाडीत पाच कच्चे सांधे झाले. दिवसाला पाचशे गाड्या काढणाऱ्या कारखान्यात रोज पंचवीस लाख ठिपके पडतात. सगळे कोण तपासणार?

म्हणून अधूनमधून एक कोरी करकरीत बॉडी लाइनवरून उतरवून बाजूच्या खोलीत नेतात आणि छिन्नी-हातोड्याने फाडतात. याला टेअर-डाउन म्हणतात. वाऱ्यावर चालणारी छिन्नी दोन पत्र्यांच्या फटीत घालून एकेक ठिपका उकलायचा, असं काम माणसांची टोळी दिवसचे दिवस करते. गंमत अशी की यात पत्रा फाटला तर आनंद आणि सांधा सुटला तर संकट. गाठ पक्की असेल तर ती सुटत नाही. एका पत्र्याला भोक पडतं आणि भोकातला तुकडा दुसऱ्या पत्र्यावर बटणासारखा उभा राहतो. मग व्हर्नियर लावून बटणाचा व्यास मोजायचा. ढोबळ हिशेब असा की पत्र्याच्या जाडीचं वर्गमूळ काढून त्याची चौपट हा किमान व्यास आणि पाचपट हा हवासा. एक मिलिमीटरच्या पत्र्याला चार ते पाच मिलिमीटर. पत्रे अलगद सुटे झाले आणि मागे नुसता डाग राहिला, तर त्या स्टेशनवरून गेलेल्या सगळ्या गाड्यांवर ‘होल्ड’ लागतो. तिथून भांडणाला सुरुवात होते.

भांडण असतं प्रॉडक्शनशी. एकाने तासाला किती गाड्या काढल्या हे मोजायचं, दुसऱ्याने त्या थांबवायच्या. बरं, फाडलेल्या गाडीतून मागच्या गाड्यांचा फक्त अंदाज बांधता येतो. मग रोजच्या रोज अल्ट्रासॉनिक प्रोब ठिपक्यावर टेकवून पडद्यावर प्रतिध्वनी वाचायचा. गाठ असेल तर ध्वनी दोन्ही पत्रे ओलांडून पार तळाशी जाऊन परत येतो, नसेल तर मधल्या फटीवरूनच माघारी फिरतो. डोळ्याला न दिसणारी गोष्ट कानाने शोधायची, तीही यंत्राच्या कानाने.

आणि दोष कुठून येईल याचा नेम नसतो. आजकालच्या गाड्यांचा पत्रा गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला असतो. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं, हे तांबटआळीतल्या पोरालाही ठाऊक असतं. स्पॉट गनच्या टोकावरही नेमकं हेच घडतं. गरम तांबं पत्र्यावरचं जस्त ओढून घेतं, टोकाचा पृष्ठभाग पितळी होत जातो, मऊ पडतो आणि छत्रीसारखा पसरतो. सहा मिलिमीटरचं टोक आठ मिलिमीटरचं झालं तर क्षेत्रफळ पावणेदोन पटींच्या पुढे जातं. प्रवाह तेवढाच राहतो, पण आता तो मोठ्या जागेत विखुरतो, उष्णता कमी पडते आणि गाठ जमत नाही. म्हणून काही शे ठिपक्यांनंतर टोक तासून पुन्हा आकारात आणायचं. त्यातही गनमधून फिरणारं थंड पाणी तुंबलं, दोन पत्र्यांमध्ये जराशी फट राहिली, कुणी सीलर जास्त लावला, तर सगळं गणित बिघडतं. वेल्डिंग क्वालिटीच्या माणसाचा दिवस असल्या बारीकसारीक गोष्टींमागे जातो.

रोबो आले म्हणजे ही कटकट संपली, असं बाहेरच्यांना वाटतं. अमेरिकेतल्या लॉर्ड्सटाउनच्या जनरल मोटर्स कारखान्यात १९६९ मध्ये स्पॉट वेल्डिंगला रोबो बसले, त्याला आता अर्धशतक उलटून गेलं. रोबो थकत नाही, चहाला जात नाही, पण सांगितलेलं चुकलं असेल तर तेही तितक्याच निष्ठेने करतो. २०१८ च्या जुलैमध्ये सुबारूच्या इंडियाना इथल्या कारखान्यात एका रोबोला चुकीच्या सूचना गेल्या आणि असेंट या मोठ्या गाडीच्या बी-पिलरजवळचे काही ठिपके पडलेच नाहीत. २९३ गाड्या सापडल्या. त्यांतल्या ग्राहकांच्या हातात गेलेल्या जेमतेम नऊ. तयार झालेल्या बॉडीत ते ठिपके मागाहून मारता येत नव्हते, म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्त करण्याऐवजी बदलून द्यायचं ठरवलं. मोटार बनवणाऱ्या कंपनीच्या मते अशा ठिकाणच्या ठिपक्यांची किंमत एवढी असते. ही किंमत ध्यानात ठेवून पुन्हा वडखळच्या गॅरेजकडे यायचं आहे.

त्याआधी आपल्याकडची एक आठवण. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळल्या. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले आणि बराच गहजब झाला. पण बातम्यांत एक तपशील मागे पडला. त्यांतल्या तीन गाड्यांचं धड अस्थिर ठरलं होतं, पोलो आणि फिगो यांचं धड मात्र टिकलं होतं. त्या काळी चाकणला बनणाऱ्या पोलोलाच दोन एअरबॅगा बसवून पुन्हा आदळलं तेव्हा तिला चार तारे मिळाले. धड कोलमडत असेल तिथे नुसत्या एअरबॅगेवर भिस्त ठेवता येत नाही. पुढे २०१८ च्या डिसेंबरात रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी आली आणि तारे विचारून गाडी घेणारा ग्राहक तयार झाला. ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त ते तारे कोऱ्या गाडीला मिळालेले असतात, एकदा ठोकून दुरुस्त झालेल्या गाडीला नव्हे.

आता पेण-रोह्याचा यात काय संबंध? इथे एकही मोटार बनत नाही. पण पोलाद बनतं. पेण तालुक्यात धरमतरच्या खाडीकाठी डोलवीचा कारखाना आहे. पूर्वीचा इस्पात, २०१० नंतर जेएसडब्ल्यूकडे आलेला, आता वर्षाला एक कोटी टन क्षमतेचा. तिथून गरम पोलादाची वेटोळी बाहेर पडतात. खारपाड्याहून सावरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खालापूर तालुक्यात, पत्रा पातळ लाटून त्याला जस्ताचा मुलामा देणारा कारखाना आहे. पूर्वी तो भूषण स्टीलचा होता, आता टाटा स्टीलचा आहे. म्हणजे मोटारीच्या पत्र्याची जातकुळी रायगडला परकी नाही.

सांधे तपासण्याची विद्याही परकी नाही, आणि हे जास्त महत्त्वाचं आहे. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते. रुळाचे तुकडे जागेवरच जोडायचे असतील तर थर्मिटचा सांधा करतात. रेल्वेच्या नियमाप्रमाणे अशा सांध्याजवळ महिना, वर्ष, काम करणारी संस्था, वेल्डरचा सांकेतिक क्रमांक आणि सांध्याचा क्रमांक नोंदवावा लागतो. नंतर त्याची अल्ट्रासॉनिक तपासणी होते. दहा वर्षांनी तडा दिसला तर तो सांधा कुणाच्या हातचा, हे शोधता येतं. धाटावच्या एमआयडीसीत आणि नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल संकुलात पाइपाची कामं करणाऱ्या वेल्डरला विचारा. दाबाच्या लाइनला हात लावण्याआधी त्याला पंचेचाळीस अंशात तिरका बांधलेला पाइप जोडून सिक्स-जीची परीक्षा द्यावी लागते, आणि प्रत्यक्ष कामातल्या सांध्यांचेही एक्स-रे निघतात. फिल्मवर काळा ठिपका दिसला तर सांधा कापून पुन्हा करायचा. रोह्यातल्या किती तरी घरांत असा ‘एक्स-रे पास’ वेल्डर असतो आणि घरचे ते शब्द अभिमानाने उच्चारतात.

एकाच तालुक्यात रुळाच्या सांध्याला क्रमांक असतो, वायूच्या पाइपाच्या सांध्याचा एक्स-रे निघतो, आणि ज्या खांबाच्या आधाराने चार माणसं रोज महामार्गावर जीव घेऊन धावतात त्याच्या सांध्याला मिळते पुट्टी आणि रंग. या विसंगतीबद्दल कुणी बोलत नाही.

आणि महामार्ग तरी कसला! मुंबई-गोवा रस्त्याच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि पुढची डझनभर वर्षं वडखळ, नागोठणे, कोलाडच्या लोकांनी खड्डे, वळणमार्ग आणि धूळ यांतच काढली. प्रत्येक खड्डा धडाला एक पीळ देतो. स्पॉट वेल्डच्या गाठीची कड ही दोन पत्र्यांमधली नैसर्गिक खाच असते आणि थकव्याचा तडा तिथूनच सुटतो. गाडी जुनी झाली की डॅशबोर्डामागून किंवा मागच्या चाकावरून येणारी खडखड आपण रस्त्याच्या नावावर खपवतो. बऱ्याचदा ती रस्त्याचीच असते, पण दर वेळी नाही.

त्यात कोकणची हवा. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, पोलाद वितळायला पंधराशेच्या आसपास तापमान लागतं. म्हणजे पिलरवर गॅस मारून सांधा केला की सांध्याभोवतीचा जस्ताचा मुलामा आधीच उडून गेलेला असतो. बाहेरून रंग चढतो, पण पेटीच्या आत ब्रश पोहोचत नाही. कारखान्यात अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवतात, गॅरेजात हौद कुठून आणणार? खाडीचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस आतूनच काम करत राहतो.

पूर्वीची गोष्ट वेगळी होती. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी साध्या, मऊ पोलादाची होती. तिचा पत्रा तापवा, ठोका, पुन्हा जोडा, ती सहन करायची. त्या पत्र्यावर हात बसलेल्या मिस्त्रींच्या दोन पिढ्या मुंबई आणि कोकणात तयार झाल्या. त्यांचं कसब खरंच वाखाणण्यासारखं आहे, यात थट्टा नाही. पण पत्रा बदलला आणि ते त्यांना कुणी सांगितलं नाही. आजच्या अनेक गाड्यांच्या बी-पिलरमधलं बोरॉनचं पोलाद नऊशेच्या आसपास अंशांपर्यंत तापवून थंड साच्यात दाबलेलं असतं. त्याची ताकद साध्या पत्र्याच्या चार-पाच पट असते ती त्या एकदाच दिलेल्या पाण्यामुळे. गॅसच्या ज्योतीने ते पुन्हा तापवलं की पाणी उतरतं. खांब सरळ दिसतो, पण आता तो आधीचा खांब नसतो.

बंपर, बॉनेट, फेंडर या बोल्टने बसणाऱ्या वस्तू आहेत. त्यांच्या दुरुस्तीसाठी घाबरायचं कारण नाही. काळजीचे सांधे मोजकेच असतात: पिलर, दाराखालची सिल, पुढचे-मागचे दांडे, छताच्या कडा. पण तिथे चूक झाली तर काय होतं, याचं ठळक उदाहरण टेक्सासमध्ये आहे. एका होंडा फिटचं, म्हणजे आपल्याकडे जॅझ म्हणून विकल्या गेलेल्या गाडीचं, छत गारपिटीने खराब झालं. गॅरेजने नवं छत बसवलं, पण कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेले शंभरावर स्पॉट न मारता ते चिकटद्रव्याने चिकटवलं. गाडी पुढे विकली गेली. घेणाऱ्या जोडप्याला यातलं काही माहीत नव्हतं. २०१३ च्या डिसेंबरात समोरून आलेल्या पिकअप ट्रकशी टक्कर झाली, धड दबलं, गाडीने पेट घेतला आणि दोघंही गंभीर जखमी झाले. २०१७ मध्ये डॅलसच्या ज्युरीने गॅरेजवर ३ कोटी १५ लाख डॉलरची जबाबदारी टाकली. विशेष म्हणजे ते गॅरेज रस्त्याकडेचं, बिनपरवान्याचं नव्हतं. कंपनीची मान्यता असलेलं होतं.

तेव्हा सगळा दोष आपल्या छोट्या गॅरेजवाल्याच्या माथी मारणं सोपं असलं तरी बरोबर नाही. चांगल्या स्पॉट वेल्डिंग मशीनची किंमत लाखांत जाते. विम्याचा सर्व्हेअर मजुरीचा आकडा खाली ओढतो. ग्राहकाला गाडी गणपतीच्या आधी हवी असते. दुरुस्तीची पुस्तिका इंग्रजीत असते आणि तीही बाहेरच्या गॅरेजला सहजी मिळत नाही. अशा वेळी डेंटर त्याला जे येतं ते करतो, गॅस मारतो, चार टाके घालतो, पुट्टी भरतो.

विमा कंपन्या मात्र इथे काही करू शकतात. सर्व्हेअर मोडलेल्या गाडीचे फोटो काढतोच. पिलर किंवा सिल बदलली असेल तर प्रायमर मारण्याआधीच्या उघड्या सांध्याचा आणखी एक फोटो दाव्याच्या फायलीत सक्तीचा करायला नवा कायदा लागत नाही. बिलात ‘डेंटिंग-पेंटिंग’ अशी एकच मोघम ओळ असते. तिच्याखाली सांधा कुणी केला आणि कशाने केला, एवढी एक ओळ वाढवता येईल. रेल्वे उन्हातान्हात रुळाकडेला जे नोंदवून ठेवते ते कागदावर नोंदवणं अवघड नाही. मोटार कंपन्यांनीही निदान धडाच्या सांध्यांची पानं मराठीत, चित्रांसह, कुणालाही उघडता येतील अशी ठेवावीत. जाहिरातींवरच्या खर्चात हा खर्च दिसणारही नाही.

आयटीआयचं बोलायचं तर आठवी पास मुलालाही वेल्डर ट्रेडला प्रवेश मिळतो आणि एका वर्षात तो आर्क, गॅस, सीओटू शिकून बाहेर पडतो. स्पॉट वेल्डिंगची तोंडओळख होते. सांधा कसा करायचा हे तो शिकतो, पण कुणी केलेला सांधा कसा उकलायचा आणि वाचायचा हे त्याच्या वाट्याला कमीच येतं. चाकणच्या वेल्ड शॉपमध्ये हात रोबोचा आहे, माणसाची जागा आता तपासणीच्या टेबलावर आहे. पेणचा मुलगा तिथे गेला तर त्याला छिन्नी, व्हर्नियर आणि प्रोब हातात धरता आला पाहिजे. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. भंगारातून आणलेली चार दारं, एक मजबूत व्हाइस आणि शिकवण्याची इच्छा एवढ्यावर सुरुवात होते. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. अल्ट्रासॉनिकचे धडे द्यायला तिथले प्राध्यापक आठवड्यातून एकदा पेण-रोह्यापर्यंत नक्की येऊ शकतील.

ज्यांना तपासणीचं यंत्र परवडत नाही त्या गॅरेजांसाठीही एक साधी रीत आहे, आणि ती कंपन्यांच्याच दुरुस्तीपद्धतीत सांगितलेली असते. गाडीवर सांधा करण्याआधी त्याच गाडीच्या काढून टाकलेल्या पत्र्यातून दोन पट्ट्या कापायच्या, त्याच मशीनवर, त्याच सेटिंगला एकमेकींवर जोडायच्या आणि व्हाइसमध्ये धरून सोलून काढायच्या. पट्टीला भोक पडून बटण उभं राहिलं तर पुढचं काम. अलगद सुटल्या तर सेटिंग बदलायचं. पाच मिनिटं जातात, पत्रा भंगारातलाच असतो. काम झाल्यावर बदललेले जुने पार्ट पिशवीत घालून गाडीच्या डिकीत टाकून देण्याची आपल्याकडे पद्धत आहेच, आणि ते मागून घेणारे ग्राहकही असतात. पुढच्या वेळी रंग बघून झाला की त्या पिशवीत सोललेल्या पट्ट्यांची जोडीही आहे ना, हे मालकाने बघावं.